तळ्यात कशाला?

"इथे पाण्याचा टिपूस नाही, बिचाऱ्याला तळ्यात सोडू या!" न्यू मेक्सिकोतल्या रस्त्यावर, जुलैच्या सरीनंतर, कासव उचलत एकजण म्हणाला. मन चांगलं, उपाय घातक.

हे वाळवंटी बॉक्स कासव. पोहण्यात यथातथाच. उन्हं चढली की कांगारू उंदराच्या बिळात शिरतं, पाऊस झाला की बाहेर येऊन शेणातले किडे उकरून खातं. डोळे लाल असतील तर बहुधा नर. पोटाच्या कवचाला आडवी बिजागरी. डोकं-पाय आत ओढले की डबी बंद!

रस्त्यात दिसलं तर ज्या दिशेने निघालं होतं, त्याच बाजूला पलीकडे ठेवा. बस्स. लांब नेलं तर ओळखीची बिळं शोधत भटकतं आणि पुन्हा चाकाखाली येण्याची भीती. शिवाय घाबरून मुतलं, तर कोरड्या दिवसांत तेवढं पाणीही महागात पडतं.

गाडी थांबवणाऱ्यांपैकी किती जण आधी त्याचं तोंड कुठे आहे ते बघतात?