आधी तिचं नाव

अकरावीला विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची अणूची ताकद, शिकवायला घेतली की अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग येतोच. फ्लोरिनला 4.0 देणारी मोजपट्टी त्याचीच. मुलं तक्ता पाठ करून पुढे जातात. मला मात्र तो माणूस सोडवत नाही. म्हणून हल्ली तास संपले की मी त्याच्या वह्या वाचत बसते.

त्या आहेत अमेरिकेत, ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या दप्तरात. 1922 साली तो तिथूनच पदवी घेऊन बाहेर पडला. 1986 मध्ये त्याने आपले सगळे कागद तिथे दिले: पत्रं, हस्तलिखितं, फोटो, मिळून पाच लाखांच्या आसपास. संशोधनाच्या 46 वह्या स्कॅन करून सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्यात. हाताने केलेली आकडेमोड आणि त्यातच मध्येच एखादी जुनी आठवण. नीटनेटक्या शोधनिबंधात ही धडपड कधीच दिसत नाही.

फसलेलं कामही तिथे जपलंय. 1953 च्या सुरुवातीला त्याने डीएनएची तीन सरांची रचना मांडली, फॉस्फेट मधोमध ठेवून. त्या फॉस्फेटवर ऋण प्रभार असतो, ते एकमेकांना दूर लोटणार, हे आमची बारावीची मुलंही सांगतील. रासायनिक बंधावर ज्याचा शब्द अखेरचा मानत, त्याच्याच हातून हे झालं! काही आठवड्यांतच वॉटसन आणि क्रिक या शास्त्रज्ञांची दोन सरांची, बरोबर ठरलेली रचना आली. हे कागद प्रत्येक विज्ञान शिक्षकाने वाचावेत असं मला मनापासून वाटतं.

पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते संग्रहाचं नाव. ‘एव्हा हेलन आणि लायनस पॉलिंग यांचे कागद’. आधी ती, त्याची बायको. तिचे कागद आपल्या कागदांबरोबरच राहावेत, हा त्याचाच आग्रह. ती त्याच कॉलेजात गृहविज्ञान शिकत होती आणि तिच्या वर्गाला रसायनशास्त्र शिकवायला तो, स्वतः विद्यार्थी असतानाच. अणुचाचण्यांविरुद्ध त्याला उभं केलं तिने. 1958 च्या जानेवारीत नऊ हजारांहून जास्त शास्त्रज्ञांच्या सह्यांचं निवेदन संयुक्त राष्ट्रांकडे गेलं, त्यामागे दोघांचे कष्ट होते. 10 ऑक्टोबर 1963 ला चाचणीबंदीचा करार लागू झाला आणि त्याच दिवशी 1962 चं शांततेचं नोबेल जाहीर झालं, एकट्या लायनसला. माझ्या मते ते दोघांचं होतं, आणि संग्रहाला नाव देताना त्यालाही तसंच वाटलं असणार.