माळाची भिंत: लोणा पुन्हा फुटला, माळढोक वर सरकवतोय

गल्लीतल्या भिंतीवर आम्ही माळरानाचं चित्र काढतोय, त्यातल्या माळढोक पक्ष्याच्या पायांवरचा रंग पुन्हा पोपडे धरून सुटला. मागच्या फोटोत दिसणारा पांढरा थर बुरशी नव्हे, लोणाच, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार. चिमटीत चोळला की पीठ होतं.

कारण आता सापडलं. भिंतीमागे काळी माती थेट विटांना टेकलेली आहे. ती पावसाचं पाणी धरून ठेवते, विटा ते शोषून वर चढवतात, सोलापूरच्या उन्हात पाणी समोरून उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यात जुन्या रंगकामातला वॉटरप्रूफ थर आड येतो. क्षार त्याच्या पाठीशी साठतात आणि वरचं सगळं उचकटून टाकतात. दुकानदार म्हणतो, डॅम्पप्रूफचा आणखी एक हात मारा. अजिबात मारू नका! भिंत धुऊही नका, क्षार विरघळून परत आत मुरतात. तारेच्या ब्रशने कोरडंच खरवडायचं, झाडून घ्यायचं, पुन्हा फुटला की पुन्हा खरवडायचं. मागची माती उतरवायला गल्लीतली पोरं लागली आहेत.

वरचा भाग मात्र झकास टिकलाय. चादरीच्या नक्षीचे ग्राफ काढण्यात हयात गेलेल्या शेजारच्या काकांनी भिंतीवर चौकोन पाडून दिले, त्यामुळे हिवराच्या फांद्या कुठेही फुगल्या नाहीत. माळटिटवीच्या डोळ्यापुढची पिवळी लोळी (लोंबती कातडी) त्यांनी स्वतः रंगवली. तरवडाच्या सुरकुतलेल्या पाकळ्याही जमल्या. दुष्काळात सगळा माळ करपला तरी तरवड हिरवा राहतो, म्हणून तो मधोमध हवाच होता.

आता बेत बदललाय. माळढोक ओलीच्या रेषेच्या वर सरकवायचा आणि खालचा पट्टा इमल्शनऐवजी चुन्यात करायचा, कारण चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. रंग पिवडी (पिवळी माती) आणि गेरू, चित्र फक्त कुसळी गवताचं. झडलं तर दरवर्षी दिवाळीआधी गल्लीने मिळून पुन्हा काढायचं.

हे लिहितानाच सुचलं: माळढोकाचं अंडं याच पट्ट्यात काढू या! मादी उघड्या जमिनीवर, सहसा एकच अंडं घालते. सोलापूरजवळचं नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 पासून आहे, तरी आज तिथे माळढोक दिसणं किती दुर्मिळ झालंय ते आपण जाणतोच. ते एक अंडं दरवर्षी पोरांच्या हातून नव्याने रंगवलं जावं, असं फार वाटतं.

कळीचा चुना भिजत घातलाय. गवताच्या बारीक पात्यांसाठी कोणता कुंचला चुन्यात टिकतो? नायलॉनचे केस दोन दिवसांत ताठ होतात, तेव्हा अनुभव असेल त्यांनी सांगा.