आमची वाटचाल: पडवीतले दुकान

आमचा मूळ धंदा छपाईचा. कुडाळात लग्नपत्रिका, बिलबुके आणि दशावतारी नाटकांची हँडबिले छापणारी लहानशी प्रेस. गावातले जुने चिरेबंदी घर ट्रस्टने लोकांना पाहायला खुले केले, तेव्हा त्याची पोस्टकार्डे आमच्याकडे छापायला आली. ती संपली, तरी घर पाहून झालेली माणसे "इथलं आणखी काही आहे का?" विचारत पडवीत रेंगाळायची. मग ट्रस्टने पडवीच आमच्या फर्मच्या ताब्यात दिली. अट एकच: खर्च जाऊन जे उरेल ते घराच्या कौलांना आणि वाशांना.

पगारी माणूस ठेवण्याइतकी विक्री होणार नाही हे उघड होते. त्यामुळे गल्ल्यावर गावातलीच माणसे आळीपाळीने बसतात. निवृत्त गुरुजी, बचतगटातल्या दोन काकी, सुट्टीला कॉलेजची मुले. कोणी पैसा घेत नाही. पण फुकट आहे तो आमचा वेळ, कारागिराचा नव्हे, हे पहिल्याच बैठकीत ठरले. अशा दुकानांत माल जांगड घ्यायची पद्धत असते: विकला तर पैसे, नाही तर परत. मग चार महिने फळीवर धूळ खाल्लेला लाकडी आंबा शेवटी करणाऱ्याच्याच गळ्यात. आम्ही रोखीने घेतो. फळ्या त्यामुळे थोड्या रिकाम्या दिसतात, पण सावंतवाडीच्या चितारआळीत, म्हणजे लाकडी वस्तू करणाऱ्या कारागिरांच्या गल्लीत, नवे काही तयार झाले की फोन आम्हाला येतो.

तिथली लाकडी फळे आमचा हुकमी माल. लाकूड पांगाऱ्याचे, वजनाला हलके. मुंबईहून येणारे चाकरमानी मुलीच्या रुखवतासाठी परडीच्या परडी नेतात. फणसाचे काटे इतके हुबेहूब की एका आजींनी तो हातात घेऊन विचारले, "बाय, ह्यो खरो मां?" फ्रिजवर चिकटवायचे काहीतरी द्या, असा पाहुण्यांचा धोशा असे. प्लास्टिकचे आणायचे नव्हते. एका कारागिराने अर्धी कापलेली काजूबोंडे करून मागे चुंबक बसवून दिला. आज सर्वांत जास्त खपणारी वस्तू तीच.

गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, विकणे मात्र कठीण. दशावतारी संचात 120 गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. सगळे हाताने रंगवलेले, त्यामुळे किंमत हजारांत जाते आणि ती ऐकून माणूस पत्ते हळूच खाली ठेवतो. सावंतवाडीच्या राजवाड्यात तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला मरू दिली नाही. तिथे दरबार हॉलमध्ये चितारी बसून पत्ते रंगवतात आणि लोक उभे राहून बघतात. रंगवणारा हात दिसला की किंमत समजते. आमच्याकडे चितारी नाही, गुरुजी आहेत. ते चटईवर मत्स्याचे बारा पत्ते मांडतात आणि पोरांना सांगतात, दिवसा डावाची सुरुवात रामाची, रात्री कृष्णाची. पोरे हलेनाशी झाली की आईबापांना खिशात हात घालावाच लागतो. पूर्ण संच नाही, तर चौकटीतला एक पत्ता तरी जातोच.

पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगायच्या परंपरेतली चित्रे, आम्ही पहिल्यांदा मोठ्या आकारात ठेवली होती. आता लहान चित्रे, वाचनखुणाही असतात. छापील प्रती आमच्याच प्रेसच्या, पण त्यावर चित्रकाराचा हिस्सा वेगळा काढतो आणि मूळ चित्र शेजारी टांगतो, म्हणजे गिऱ्हाइकाची फसगत नको.

पावसाळा हा आमचा खरा शत्रू. चिऱ्याच्या भिंती ओल धरतात, कागद सादळतो, पत्त्यांना बुरशी चढते. म्हणून कपाटात एक पिवळा बल्ब रात्रंदिवस जळत असतो. वीजबिलावरून ट्रस्टच्या खजिनदारांशी दरवर्षी आमची जुंपते, आणि दरवर्षी बल्ब जिंकतो.

उन्हाळी सुट्टी आणि गणपतीत पडवीत पाय ठेवायला जागा नसते. भातलावणीत मात्र काकी शेतात, मुले शेतात, आणि गुरुजींचे गुडघे त्या दिवसांत सुट्टी मागतात. तेव्हा दुकान फक्त शनिवार-रविवारी उघडे. मधल्या वारी आलात तर शेजारच्या घरी हाक मारा, किल्ली तिथेच असते.