स्प्लिटबोर्डच्या तळाची दुरुस्ती: माझा अनुभव

हंगामाच्या सुरुवातीला वीत-दीड वीत बर्फावर जायचं म्हणजे दगड लागणारच. त्यामुळे माझ्या स्प्लिटबोर्डाच्या, म्हणजे उभे दोन भाग सुटे होणाऱ्या स्नोबोर्डाच्या, तळाला लाकडी गाभा दिसेल इतकी खोक पडली, त्याचं मला फार काही वाटलं नाही. डोकं फिरलं ते दुरुस्तीच्या काउंटरवर.

तिथे आधी फॉर्म. त्यात चौकोन दोनच: स्की आणि स्नोबोर्ड. काउंटरवरच्या मुलाने क्लिपा उघडल्या, दोन्ही भाग शेजारी शेजारी ठेवले आणि ‘स्की’वर खूण केली. म्हटलं, अहो, वर चढताना या दोन स्की असतात, पण उतरताना जोडून एकच बोर्ड होतो. त्याने जोडून बघितला, पटलं, खूण खोडून ‘स्नोबोर्ड’वर केली. आत जाऊन आला तर नवीनच: नग दोन, म्हणून पावत्या दोन. वाद घालून उपयोग नव्हता, मागे रांग होती. नुकसानीच्या वर्णनाला बोटभर जागा, त्यात ‘डावा भाग, आतली कड, गाभ्यापर्यंत’ एवढंच बसलं. तेच वर्णन दोन्ही पावत्यांवर उतरलं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. ‘तयार आहे’ असा निरोप आला म्हणून गेले, तर हातात उजवा भाग ठेवला. धडधाकट होता तो! त्याला वॅक्स लावून, कडा घासून, चकचकीत करून दिला होता. डावा कुठे? ‘तो दुसऱ्या पावतीवर आहे, अजून नंबर लागायचाय.’ अर्धा बोर्ड घेऊन मी काय करू, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. सही मात्र मागितली.

डावा मिळाला तेव्हा खोक भरलेली दिसत होती. नख लावलं तर कडेला पापुद्रा सुटला. पी-टेक्सची कांडी पेटवून थेंब थेट लाकडावर टाकले होते. पी-टेक्स म्हणजे पॉलिथिलीन. ते तळाच्या पॉलिथिलीनला धरतं, लाकडाला आणि पोलादी कडेला नीट धरत नाही. गाभा उघडा पडला असेल तर आधी तो पूर्ण वाळवायचा, मग इपॉक्सीने बंद करायचा आणि खोक मोठी असेल तर तळाच्याच मटेरियलचा तुकडा कापून बसवायचा. शिवाय त्यांचं जास्तीचं पी-टेक्स आतल्या फटीत ओघळलं होतं. दोन भाग जोडले की मध्ये केसभर अंतर, आणि क्लिप बसेना. परत दिला. परत रांग, आणि परत तोच फॉर्म! या वेळी मी दोन्ही भाग पट्ट्याने बांधले, वर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत ‘नग एक, भाग दोन, उजव्याला हात लावू नका’ असं लिहिलं आणि खोकेला खडूने गोल केला. त्यानंतर काम चोख झालं, हेही सांगायला हवं. तुम्ही हे पहिल्याच फेरीला करा. बाइंडिंग (बूट बोर्डाला अडकवायचे पट्टे) घरीच काढून ठेवा आणि खोकेचा फोटो काढा.

हो, एक राहिलंच. ओला बोर्ड थेट दुकानात नेऊ नका. आधी घरात उबेत, पण हीटरपासून लांब, उभा करून ठेवा. डोंगरातच खोक पडली तर ती पुसून वर पक्की चिकटपट्टी मारा, म्हणजे गाभ्यात पाणी कमी मुरतं.

या सगळ्या वाट बघण्यात बाहेरचा बर्फ मात्र बिघडत होता. थर पातळ, वरून कडक थंडी, खाली जमीन त्या मानाने उबदार. अशा वेळी तळाचे कण एकमेकांना सोडतात आणि साखरेसारखे भुरभुरीत होतात. त्यावर नवा बर्फ पडला की तो पायाशिवायच बसतो. म्हणून बोर्ड हातात आल्यावर मी थेट मोठ्या उतारावर गेले नाही. आधी फावड्याने जमिनीपर्यंत खणून बघितलं: तळाचा बर्फ मुठीत दाबला तरी गोळा होईना. मग ३० अंशांच्या आतले गवताळ उतार आणि जुन्या गाडीवाटाच बऱ्या. पातळ बर्फात खरी मेख अशी, की बोर्ड चालवण्याइतका बर्फ जिथे साठतो, त्या वाऱ्याआडच्या घळीतच तो घसरण्याइतकाही असतो. छोटं हिमस्खलनही दगडांवरून फरफटत नेतं.

ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं ही यादी सगळ्यांना पाठ असते. ट्रान्सीव्हर चालू असताना फोन त्याला चिकटून ठेवू नका, आणि गेल्या हंगामातल्या बॅटऱ्या आताच बदला. उतरताना झुडपं आणि दगड डोकावत असतील तर बोर्ड जोडायचा हट्ट नको. स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून तळाला चिकटवायच्या पट्ट्या) न काढता, दोन भागांवरच हळूहळू खाली या. दिसायला बावळट दिसतं, पण त्या काउंटरवर पुन्हा उभं राहण्यापेक्षा मला ते चालतं.