अपडेट झालं, पण कळलं कोणालाच नाही

काम अगदी किरकोळ होतं. काही हजार ऑर्डरींचं स्टेटस बदलायचं. लूप लावून एकेक ऑब्जेक्ट सेव्ह कोण करत बसणार, म्हणून जँगोच्या (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) क्वेरीसेटवर, म्हणजे फिल्टर लावून निवडलेल्या सगळ्या ओळींवर, थेट अपडेट मारलं. डेटाबेसला एकच एसक्यूएल आज्ञा, पापणी लवायच्या आत काम फत्ते. खूश होऊन खाली टपरीवर गेलो. कटिंग संपायच्या आत फोन: "अरे, गोडाऊनला एकही बदल दिसत नाहीये!"

डेटाबेसमध्ये स्टेटस बदललेलं, पण 'शेवटचा बदल' कॉलमात तारीख मागच्याच आठवड्याची. क्वेरीसेटचं अपडेट मॉडेलच्या सेव्हला, म्हणजे एकेक ऑब्जेक्ट सेव्ह करताना चालणाऱ्या कोडला, हातच लावत नाही. 'सेव्ह झालं' असं बाकीच्या कोडला कळवणारे सिग्नल सुटत नाहीत, सेव्हच्या वेळी आपोआप तारीख भरणारं ऑटो-नाऊ फील्ड जागचं हलत नाही. आणि गोडाऊनला बदल पोचवणारा आमचा सिंक नेमका त्या तारखेवरूनच ओळी उचलतो! डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्वच्छ लिहिलंय. मी वाचलंयसुद्धा, बहुतेक लोकलमध्ये लटकून.

आता पुन्हा चालवावं तर जुन्या स्टेटसवरचा फिल्टर रिकामा, कारण ते स्टेटस मीच पुसलेलं. नशीब, आयडींची यादी आधी काढून ठेवली होती (ही सवय एका सीनियर ताईंनी ओरडून लावली). त्या आयडींवर तारीख हाताने भरून दुसरं अपडेट चालवलं.

रात्री साडेनऊची स्लो, चक्क विंडो सीट. ताईंना मेसेज केला. उत्तर आलं: "पार्टी कधी?"