पट्ट्यांच्या रंगावरून त्रिनिदाद

त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला, नोकरीनिमित्त राहत होते, तेव्हा दक्षिणेकडच्या ला ब्रेआचं डांबराचं तळं बघायचं फार मनात होतं. ऑफिसात सगळे म्हणाले, गाडी भाड्याने घे. मी मॅक्सीने गेले.

मॅक्सी म्हणजे पांढरी मिनीबस, अंगावर रंगीत पट्टा. पट्टा बघितला की गाडी कुठल्या भागातली ते कळतं. राजधानी आणि तिच्या पश्चिमेच्या वस्त्या पिवळ्या, डोंगराच्या पायथ्याने पूर्वेला अरिमाकडे जाणारी लाल, चग्वानस-सॅन फर्नांडोची हिरवी, तिथून नैर्ऋत्येला तपकिरी. टोबॅगोची निळी, पण ते बेटच वेगळं. फेरीबोटीने नाहीतर विमानाने गाठायचं.

सुटायचं ठिकाण सिटी गेट, म्हणजे जुनं रेल्वे स्टेशन. इथली रेल्वे १९६८ मध्येच बंद पडली. वेळापत्रक वगैरे काही नाही, गाडी भरली की निघते, आपलं वडापच. चढताना मात्र सगळ्यांना मिळून ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं. न बोलता बसणारा माणूस तिथे उद्धट ठरतो.

हिरवी मॅक्सी दक्षिणेला वळली की उत्तरेचे डोंगर पाठीमागे पडतात आणि एकदम सपाटी लागते. उजवीकडे, समुद्राच्या बाजूला, कारोनीची खारफुटी. हा सगळा एकेकाळचा उसाचा मुलूख. १८४५ पासून भारतातून आणलेले मजूर याच मळ्यांत राबले. सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली, पण अंगणांतल्या बांबूंवर पूजेचे झेंडे अजून फडकतात. चग्वानसला निम्मी गाडी उतरली. लोकसंख्येत हे गाव राजधानीपेक्षा मोठं आहे, हे बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. पुढे पॉइंट लिसासचे कारखाने येतात, नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि मिथेनॉल बनवणारे. आधी ऊस, मग वायू, आणि खाली तेल-डांबर: देशाचं पोट कशाकशावर चालत आलं, ते खिडकीतून एकामागोमाग दिसतं. भाड्याच्या गाडीत माझं लक्ष रस्त्यावरच राहिलं असतं.

सॅन फर्नांडो चढउतारांचं शहर, मधोमध खाणीने कुरतडलेली टेकडी. तिथे गाडी बदलली. ला ब्रेआ जवळ आलं की रस्ता लाटा मारायला लागतो. खालचं डांबर सरकतं म्हणून घरंही कलतात.

तळं सुमारे ४० हेक्टरचं, आणि त्यावरून चक्क चालता येतं. पण वाटाड्याच्या मागोमाग, कारण काही जागा मऊ असतात. खळग्यांत पावसाचं पाणी, गंधकाचा वास, त्यात निवांत डुंबणारी माणसं. १५९५ मध्ये वॉल्टर रॅले या इंग्रज दर्यावर्दीने इथलं डांबर जहाजांच्या फटी बुजवायला वापरलं होतं. रस्त्यांसाठी ते अजूनही काढतात.

परतीची गाडी मिळायला वेळ लागला. खासगी मोटारी थांबून ‘सॅन फर्नांडो?’ विचारत होत्या. भाडं घेऊन प्रवासी नेणाऱ्या अधिकृत गाडीची नंबरप्लेट ‘एच’ने सुरू होते, यांची ‘पी’ने. गावातले लोक बिनदिक्कत बसत होते. मी ‘एच’ येईपर्यंत उभी राहिले.