टूल जागेवर, स्पिंडल फिरतीवर: जुन्या ऑर्नामेंटल लेथवर डबीचे आटे

वर्कशॉपमधल्या लेथवर आटे पाडायचे तर गिअर लावायचे, लीड स्क्रू (टूल सरकवणारा लांब स्क्रू) जोडायचा आणि टूल डावीकडे जाऊ द्यायचं. लंडनच्या होल्ट्झापफेल कंपनीच्या नक्षीकामाच्या जुन्या लेथवर टूल जागचं हलत नाही. स्पिंडलच, म्हणजे लेथचा फिरता दांडा, जॉबसकट (कापायच्या तुकड्यासकट) उजवीकडे सरकतो. स्पिंडलच्या शेपटीवर आटे असलेली एक रिंग चढवायची (तिला गाइड म्हणतात), आणि खालचा चांदणीसारखा नट उचलून तिला भिडवायचा. पल्ला थोडासा, पण डबीच्या झाकणाला तेवढा पुरतो.

गाइडचे आकडे बघून आपल्याकडचे टर्नर चक्रावतात. इंचाला ९.४५, १३.०९, १६.५, १९.८९, २५.७१, ३६.१० आटे! इंग्रज इंजिनिअर व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांची आपली प्रमाण पद्धत मांडली, त्याच्या आधीपासून या कंपनीचे स्वतःचे आटे चालत आलेले. त्यामुळे मुंबईच्या नागदेवी बाजारात जाऊन टॅप-डाय (आटे पाडायची तयार हत्यारं) शोधू नका. स्पिंडलच्या नाकावर (पुढच्या टोकावर) ९.४५ असतात. त्यावर बसणारा, जॉब धरणारा नवा चक बनवायचा तर इंचाला ४ आट्यांचा लीड स्क्रू असलेला लेथ गाठा. चालवणारे गिअर ५५ आणि ४०, चालणारे ६५ आणि ८०. त्यातून ९.४५४५ मिळतात. आठ आट्यांत फरक साधारण शतांश मिलिमीटर, म्हणजे नाहीच. टूलचा कोन मात्र जुन्या चकच्या आट्यांवर ताडून घासा.

डबीसाठी मी २५.७१ चं गाइड घेतो, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.९८८ मिमी. लाकूड हेदूचं किंवा काळ्या शिसवीचं. गिरण्यांचे बॉबिन ज्या लाकडाचे होत तेच हे हेदू. रेषा बारीक, त्यामुळे आट्यांच्या कडा टिकतात. सागवानावर आटे पाडून बघा, आट्यांचे माथे भुशासारखे उडतात.

सुरुवातीला शेपटीकडची स्पिंडल अडवणारी रिंग काढा. ती विसरली तर स्पिंडल सरकत नाही आणि सगळा जोर गाइडच्या आट्यांवर येतो. ते झिजले की तो आकडा गेलाच म्हणून समजा. नटाच्या प्रत्येक कडेवर वेगळे आटे असतात, गाइडशी जुळणारी कड वर आणा. स्पिंडल मागेपुढे सरकतो म्हणून त्याच्यावरची धूळ थेट कॉलरमध्ये (स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये) ओढली जाते. प्रत्येक जॉबआधी फडक्याने पुसून शिलाई मशीनचं तेल दोन थेंब. मुंबईच्या दमट हवेत तर दोन दिवस तसंच ठेवलं की तांबूस डाग दिसायला लागतात.

आधी झाकणाचे आतले आटे. भोक नीट मोजायला कठीण, खालच्या भागाची मान (ज्यावर झाकण बसतं) मात्र पुढे हवी तेवढी छाटता येते. भोक ४० मिमी, आत शेवटी २ मिमी रुंदीची खाच, टूल थांबायला. पट्टा काढा आणि पुली हातानेच फिरवा. टूल बरोबर सेंटरच्या उंचीवर. पहिल्या फेऱ्या ०.१ मिमी, शेवटच्या ०.०३. एकूण खोली ०.५५. काप फक्त पुढे जाताना घ्यायचा. मागे येताना टूल बाहेर काढलंच पाहिजे, कारण नट आणि गाइडमधला लूझ उलट दिशेला निघतो, आट्याची दुसरी बाजू घासली जाते आणि आटे बारीक होतात. शेवटच्या दोन फेऱ्यांआधी पातळ चपडा (लाखेचं पॉलिश) लावून तासभर वाळू द्या. कडा तुटत नाहीत.

खालच्या भागाची मान मग ४०.९ मिमी: भोक अधिक दुप्पट खोली, वजा ०.२ सूट. त्याच गाइडवर, त्याच कोनाच्या टूलने. खालचा भाग चकमध्येच असताना झाकण लावून बघत जा. एक सूत आत जाऊन अडलं तर मान जाड आहे. सुरुवातीलाच घट्ट लागलं तर बहुधा पहिल्या आट्यावरची बर (कापताना उरलेली खरखरीत कड) आहे, ती कानशीने मारा.

आता खरी गंमत. बाहेरची नक्षी झाकण लावूनच कापायची, म्हणजे रेघा सलग येतात. पण वापरून वापरून झाकण थोडं जास्त फिरतं आणि रेघा सरकतात. २४ रेघा असतील तर एक रेघ १५ अंशांची, म्हणजे पिचचा चोविसावा भाग, ०.०४ मिमी. झाकणाची कड (किंवा ती टेकते तो खालचा खांदा) तेवढी उतरवली की झाकण पुढच्या रेघेवर येऊन थांबतं. काचेवर ४०० नंबरचा कागद ठेवून झाकणाची कड दोन-तीनदा फिरवायची, लावून बघायचं, परत फिरवायची. सहा पाकळ्यांची नक्षी असेल तर तेच काम ०.१६ मिमीचं होतं, चौपट घासावं लागतं. म्हणून मी रेघा जास्त घेतो.

हवेचं गणित वेगळंच. जुलैत नेमकं बसवलेलं झाकण मेमध्ये खुळखुळतं, आणि मेमध्ये घट्ट बसवलेलं पावसाळ्यात अडकतं. लाकूड आडवं जास्त फुगतं, गोल भोक अंडाकृती होतं. म्हणून मुंबईत लाकूड कापून कच्चा आकार दिल्यावर महिनाभर त्याच खोलीत ठेवा आणि सूट ०.२ च्या खाली नेऊ नका. घट्टपणा हवाच असेल तर आट्यांना मेण लावा, लाकूड आणखी कापू नका.